अकरा डागी फोटो

खर्डा, ता. जामखेड
१४ नोव्हेंबर १९७२

प्रिय योसेफ यास दीनाताईचा सलाम.

तुझा दिवा पोचला. एस.टी.च्या कंडक्टरनं तो मांडीवर घेऊन आणला, कारण टपावर टाकलास तर बघ असं तू चिठ्ठीत त्याला दटावलं होतंस. पत्र्याचा नळा, लाल काच, कॅमेऱ्याचा स्टँड आणि ते पाण्याचं काचेचं चपटं भांडं, सगळं शाबूत आहे. आमच्या दवाखान्याची एक्स-रेची काळोखी खोली तीन महिने आपल्याला दिली आहे. आता भांडण ऐक.

भांड्यात स्वच्छ पाणी घालायचं आणि पाच बायका झाल्या की बदलायचं, असं तू लिहिलंस. पुण्यात बसून लिहायला काय जातं. इथं विहिरीनं तळ दाखवलाय, टँकर आठवड्यातून दोनदा येतो. पहिल्या दिवशी मी तांब्यानं पाणी ओतायला लागले तर बायका हसायच्याही विसरल्या. एक म्हणाली, "आमच्या लेकरास्नी पानी न्हाई आन् तुमी दिव्याला पाजता व्हय?" आता तुझ्या दिव्याचं कोमट झालेलं पाणी बायका घागरीत भरून घरी नेतात, शेळ्यांना पाजतात.

पण बायका आल्या कशा, ते तुला कळायला हवं. छातीच्या फोटोसाठी अंधारात उघडं व्हायचं म्हटल्यावर एकही पाऊल उंबऱ्यात येईना. शेवटी मी राहीमावशीकडे गेले. आई गेल्यावर दोन वर्षं जिनं तुला कडेवर मिरवलं, ती आपली शेजारीण राहीमावशी आता दुष्काळी कामावर खडी फोडते, आणि त्या रस्त्यावरच्या साठ बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. ती म्हणाली, "आदी तू कर, मंग मी करते, मंग समद्या येत्याल. पर एक अट हाय. जिच्यात काय दिसंल तिला तोंडावर सांगायचं. कागद पुण्याला ग्येला आन् तिकडंच ऱ्हायला, आसं चालायचं न्हाई." मी तिला शब्द दिला. म्हणून तुमच्या वहीत नंबर एक मी आहे आणि नंबर दोन राहीमावशी.

तुमचा फॉर्म मात्र मला मुळीच पटला नाही. वय, मुलं किती, पाळी कधी, उंची, वजन. सगळं विचारलंय, फक्त बाईला स्वतःला काय वाटतं ते विचारलेलं नाही. मी ते फॉर्मच्या मागे लिहीत जाणार आहे. तुझ्या डॉ. खांबेटे सरांना सांग, उंटावर बसून शेळ्या हाकता येत नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
दीनाताई

---

पुणे
२७ नोव्हेंबर १९७२

प्रिय ताईस सप्रेम सलाम.

शेळ्यांचं मी सरांना सांगितलं नाही. माझी नोकरी अजून कच्ची आहे.

फोटो सुंदर आलेत. खरंच सांगतो, प्रयोगशाळेत इतके स्वच्छ आले नव्हते. लहानपणी आपण बॅटरीवर तळहात ठेवायचो, आठवतं? हात सगळा लाल दिसायचा आणि मधे बोटांच्या सावल्या. हे तेच आहे. निरोगी छातीतून लाल उजेड सहज आरपार येतो. जिथं वाईट गाठ धरते तिथं रक्त जास्त साचतं, रक्त उजेड खातं, आणि फोटोत काळी सावली पडते. बाहेरदेशी लोक हे करताहेत, पण त्यांचा दिवा इतका तापतो की बाई दोन मिनिटं बसू शकत नाही. मधे पाणी घालायची युक्ती तुझ्या भावाची आहे. पाणी उष्णता पिऊन टाकतं आणि उजेड जाऊ देतं. म्हणून जरा शेळ्यांचा घोट माझ्या दिव्याला दे.

आता सरांचे तीन नियम. फोटोवर नाव नको, फक्त नंबर. फॉर्मच्या मागे काही लिहू नकोस, इथला कारकून मागचं उतरवून घेत नाही आणि सर चिडतात. तिसरा नियम तुला खटकेल. बायकांना हातानं तपासायचं नाही. हातानं आधी कळलं तर दिव्यानं काय शोधलं ते सिद्ध होत नाही. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, ताई. दिव्यावर विश्वास बसला तर गावोगाव जाईल. गाठ हाताला लागायच्या आधी दिसेल. यापेक्षा मोठं काय हवं?

मावशीला सांग, तिचं योसेबा अजून भाकरीच मागतं, इथं पोळी मिळते.

तुझा,
योसेफ

---

खर्डा
६ जानेवारी १९७३

प्रिय योसेफ यास सलाम.

नाताळला तू आला नाहीस. देवळात तुझी जागा मोकळी ठेवली होती, तिथं आक्काबाईंचा नातू झोपला.

सोबत शेवटची खेप पाठवते. एकूण त्रेसष्ट बायका झाल्या. तुमचे तिन्ही नियम पाळले. मागे लिहिणं बंद केलं, हात लावला नाही. वीस वर्षं ज्या हातांनी मी बाळंतपणं केली ते हात मी पाठीमागे बांधून उभी राहिले, हे सरांना कळू दे.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर दिव्याला दोष द्याल. अकरा बायकांच्या फोटोत कातडीवर काळे डाग दिसतील. ती गाठ नव्हे, तो बिब्बा आहे. खडी फोडून फोडून बायकांचे खांदे, बगला, छाती धरते, मग रात्री ठणकतं तिथं बिब्बा तापवून लावतात. कातडी उतते, काळी पडते, महिना महिना डाग जात नाही. मी एकेकीला चांगलं फैलावर घेतलं. दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना बिब्बा कसला लावता, हा अडाणीपणा कधी सोडणार, म्हणून. राहीमावशीच्याही डाव्या बाजूला तळहाताएवढा डाग आहे. तिला तर दोन शब्द जास्तच बोलले, ती पुढारी ना. ती काहीतरी सांगायला गेली, तर म्हटलं मावशी, मागं रांग आहे. मग ती गप्प राहिली. ती गप्प राहिली म्हणजे राग आला असं मी समजले.

निकाल लवकर कळव. मी शब्द दिलेला आहे.

दीनाताई

---

पुणे
३० जानेवारी १९७३

प्रिय ताई, सलाम.

आनंदाची बातमी. सर इतके खूश आहेत की त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा दिला. मार्चमध्ये मुंबईच्या परिषदेत ते निबंध वाचणार आहेत आणि त्यावर सरांच्या खाली माझंही नाव येणार आहे. दानीएल मास्तरांच्या पोराचं नाव, ताई. बाबा असायला हवे होते.

तुझ्या बायकांनी माझ्या कामात खराखुरा बिब्बा घातला होता, पण तू आधीच कळवलंस म्हणून निभावलं. ते अकरा फोटो आम्ही मोजणीतून काढून टाकले. उरलेल्या बावन्नमध्ये तीन सावल्या स्पष्ट आहेत: नंबर १९, ३४ आणि ५७. या तिघींना ताबडतोब नगरला मोठ्या दवाखान्यात ने. यादीत नाहीत त्यांची काळजी नको.

आता तरी फॉर्मवरचा राग सोड.

तुझा,
योसेफ

---

खर्डा
२२ फेब्रुवारी १९७३

प्रिय योसेफ,

तिघींना घेऊन मी स्वतः नगरला जाऊन आले. चौतीस नंबरच्या पुष्पावतीला खरोखर कर्करोग निघाला, अगदी हरभऱ्याएवढा. हाताला तो लागतच नव्हता. सर्जन मला म्हणाले, सिस्टर, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, माझ्या भावाच्या दिव्याला कळलं. तिचं ऑपरेशन झालं, ती जगेल. बाकीच्या दोघींना काही नाही. पत्रात सारखी भांडते म्हणून हेही लिहायलाच हवं: मला तुझा फार अभिमान वाटला.

खडीच्या कामावर जाऊन मी सगळ्यांना निकाल सांगितला. राहीमावशीला म्हटलं, तुझं नाव यादीत नाही, तुला काही नाही. तिनं मला दोनदा विचारलं, "नक्की का गं?" मी म्हटलं, नक्की. मग ती म्हणाली, "दिव्याला दिसलं न्हाई म्हंजे नसंलच. मीच खुळी." तेव्हापासून तिनं बिब्बाही लावायचा सोडला. माझं एवढं तरी ऐकलं, याचं मला बरं वाटलं.

दीनाताई

---

खर्डा
११ मे १९७३

योसेफ,

सलाम लिहायला हात उचलत नाही.

राहीमावशी काल दवाखान्यात आली. डावा हात वर होत नाही, घण उचलवत नाही म्हणून आली. मी पदर बाजूला केला. बिब्ब्याचा डाग आता फिका झालाय आणि त्या डागाच्या बगलेकडच्या कडेला कातडी आत ओढली गेली आहे. खाली लिंबाएवढी गाठ आहे. बगलेत दोन आहेत. तुमचा नियम मोडून मी हात लावला. आंधळ्यालाही कळलं असतं.

मी तिला विचारलं, मावशी, बिब्बा इथंच का लावला होतास? ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच खुळी आहे. म्हणाली, "गाठ लागली म्हनून. दुसरं कशापायी लावंल बाई तिथं? त्या दिशी त्येच सांगत हुते. तू म्हनलीस रांग हाय."

रात्रभर ठणकणाऱ्या खांद्याला बिब्बा लावतात हे मला माहीत होतं. तेवढ्यावर मी सगळ्यांचं ठरवून टाकलं. शिकले ना मी, मला विचारायची गरज काय.

आज दिवसभर पायी फिरून मी उरलेल्या दहाजणींना गाठलं. एकच प्रश्न विचारला. दोघींनी नुसत्या ठणक्यासाठी लावला होता. आठजणींनी सांगितलं, हाताला काहीतरी लागलं म्हणून. आठ आणि मावशी, नऊ. योसेफ, त्रेसष्ट बायकांत ज्यांनी आपला रोग आपल्या हातानं शोधून त्यावर खूण करून ठेवली होती, नेमक्या त्याच तुम्ही उचलून बाहेर टाकल्यात. खराब म्हणून. फोटो खराब नव्हते, त्यांच्यावर उत्तर लिहून आलं होतं. तुमच्या फॉर्ममध्ये ते वाचायला जागा नव्हती, आणि मागे लिहायची तुम्ही बंदी घातलीत.

आणि "यादीत नाहीत त्यांची काळजी नको" असं तू लिहिलंस. अकराजणींचे फोटो तुम्ही वाचलेच नाहीत, मग त्या यादीत येणार कशा? तू एक ओळ जास्त लिहिली असतीस, अकरा जणी अजून तपासायच्या आहेत एवढी, तर फेब्रुवारीतच मावशी नगरला गेली असती. मी तिच्या तोंडावर "नक्की" म्हणाले, ते तुझ्या त्या एका ओळीच्या भरवशावर. ज्याचं जळतं त्याला कळतं, तुमच्या पुण्यात कुणाचं काही जळत नाही.

मला दोनच गोष्टी सांग. ते अकरा फोटो कुठं आहेत? आणि नंबर दोनच्या फोटोत काय दिसतं? खरं सांग. आईनंतर तुला जिनं सांभाळलं तिच्याबद्दल विचारते आहे.

दीना

---

पुणे
२३ मे १९७३

ताई,

चार पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी सरांची बाजू मांडली होती, दुसऱ्यात तुझी चूक काढली होती. तिसऱ्यात मी नियम काय असतात ते समजावलं होतं. चौथं नुसतंच रडगाणं होतं. आता खरं लिहितो.

फोटो इथंच आहेत, बुटाच्या खोक्यात, माझ्याच कपाटावर. वर माझ्याच अक्षरात "खराब" लिहिलं आहे.

नंबर दोनमध्ये बिब्ब्याचा डाग काळाकुट्ट आहे, त्याची कड कापल्यासारखी रेखीव आहे. पण त्या कडेच्या बाहेर, बगलेकडे, बोटभर रुंद एक फिकी सावली आहे. बिब्बा कातडीवर असतो, त्याची सावली अशी पसरट पडत नाही. ती आतून आलेली आहे.

ताई, ती मला जानेवारीतच दिसली होती. मी सरांना दाखवली. ते म्हणाले, डागी फोटोवरून तर्क करायचा नसतो, एक घेतला तर अकराही घ्यावे लागतील, आणि मग सगळा हिशोब विस्कटेल. निबंध टाईप होऊन तयार होता. माझं नाव त्यावर होतं, आणि नोकरी पक्की व्हायचा कागद त्याच आठवड्यात वर गेला होता. मी खोकं बंद केलं. नंबर दोन म्हणजे मावशी हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते विसरलो होतो असं म्हणावंसं वाटतं. मी विसरलो नव्हतो. नंबराकडे बघताना माणूस आठवायचं टाळता येतं, एवढंच मला त्या दिवशी कळलं, आणि मी ते टाळलं.

काल मी सरांकडे गेलो. अकरा फोटो घालून नवा निबंध काढू म्हणालो. ते म्हणाले, "योसेफ, छापून आलेलं परत घ्यायचं नसतं. आणि अडाणी बाईनं कुठं काय चोपडलं, हा काही पुरावा होत नाही." मी उठून आलो. काय बोलायचं होतं ते जिन्यात सुचलं.

मावशी कशी आहे ते कळव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ते कळव.

योसेफ

---

खर्डा
१९ जून १९७३

योसेफ,

नगरला मावशीचं ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. बगलेतलंही जमेल तितकं काढलं. सर्जन म्हणाले, जानेवारीत आणली असती तर बगल कदाचित स्वच्छ सापडली असती. आता किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठजणींतल्या मालनबाईला आणि साळूबाईलाही तेच निघालं, पण लवकर. बाकीच्या सहाजणींच्या साध्याच गाठी होत्या.

मी मावशीला सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं, खोक्यासकट. तिला तोंडावर सांगायचा शब्द मी दिला होता, तो निदान आता पाळला. ती म्हणाली, "त्येला म्हनावं, माजा फोटू घिऊन ये. मला बगायचा हाय. माजा हाय त्यो."

तेव्हा ये. रजा मागू नकोस, ये.

तुझा दिवा मी परत पाठवणार नाही. पुष्पावती त्याच दिव्यामुळे जिवंत आहे, दिव्यावर माझा राग नाही. जुन्या फॉर्मचे गठ्ठे मात्र मी चुलीत घातले. नव्या कागदावर पहिली ओळ आहे: बाई, तुझ्या हाताला कुठं काही लागलं का? ती बोट ठेवते, तिथं मी पेन्सिलनं गोल काढते, मग हातानं तपासते आणि मगच दिवा लावते. बिब्बा असला तर दिव्याचं तोंड आडवं धरून डागाच्या चारी कडांनी वेगवेगळे फोटो घेते. तुझी ती बोटभर सावली मला आता शोधता येते. हे तू शिकवायला हवं होतंस.

दीनाताई

---

खर्डा
२ जुलै १९७३

आदरणीय डॉ. खांबेटे सर यांस,

सादर नमस्कार.

मी रजेचा अर्ज न देता आलो आहे. ते खोकंही बरोबर आणलं आहे. त्याबद्दल जी शिक्षा करायची ती करावी.

काल मी नंबर दोनच्या बाईला तिचा फोटो दाखवला. त्यांचं नाव राहीबाई. माझी आई वारल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांना वाचता येत नाही, एक्स-रेसुद्धा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मी फोटो हातात दिला, आणि समजावून सांगायला तोंड उघडणार तोच त्यांनी डागाच्या बाहेरच्या सावलीवर बोट ठेवलं. "ही बग. ह्योच दगड. बिब्बा म्या जरा अलीकडं लावला हुता, बगलंकडं लई झोंबतंय म्हनून." सर, ती सावली ओळखायला मला भिंग लागलं होतं आणि तुम्हाला भिंगातूनही ती बघायची नव्हती. या बाईला ती नऊ महिन्यांपूर्वीच माहीत होती.

मग त्यांनी मला विचारलं, "योसेबा, एवढा दिवा केला, पानी घातलं, काच लावली, फोटू काडला. मला कुनी इचारलं का?" मी नाही म्हणालो. "आन् म्या सांगत हुते तवा?" त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासमोर भाकरी ठेवली, आणि मी ती खाल्ली.

माझं म्हणणं एवढंच आहे. निबंध बावन्न बायकांचा नाही, त्रेसष्ट बायकांचा आहे. अकरा फोटो त्यात घाला आणि ते का वगळले होते तेही लिहा. घालायचे नसतील तर माझं नाव त्यातून काढा, आणि काढल्याचं छापा. पक्क्या नोकरीचा कागद मी सोबत परत पाठवतो आहे. तो ज्या आठवड्यात वर गेला त्या आठवड्यात मी जे केलं, त्याच्यासाठीच मिळाला असं मला वाटत राहील. अडाणी बाईनं काय चोपडलं हा पुरावा होत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. त्याचं उत्तर मला त्या दिवशी जिन्यात सुचलं, आकडे मात्र आता हाती आले, म्हणून आज लिहितो: त्रेसष्टांत रोग असलेल्या चौघी निघाल्या. दिव्यानं आपण एक दाखवली. तीन बायकांनी स्वतः दाखवल्या होत्या, त्या आपण झाकल्या.

हे पत्र राहीबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं आणि मग म्हणाल्या, आपलीही सही हवी. दीनाताईच्या टेबलावर शिक्क्याची शाई होती.

पत्राच्या खाली जो काळा ठसा दिसतो आहे, तो राहीबाईंचा डाव्या हाताचा अंगठा आहे. हात अजून नीट उचलत नाही म्हणून तो थोडा पसरला आहे. कृपा करून डाग समजून हा कागद बाजूला टाकू नये.

आपला,
योसेफ दानीएल